टनाला दहा किलो : बांधणीची तार कशी निवडावी, कुठून आणावी

मुरबाड-शहापूर पट्ट्यात खाण किंवा क्रशर घालणारा माणूस लोखंडाचा भाव दहा ठिकाणी विचारतो. सिमेंट कोणतं घ्यायचं यावर त्याचं मत ठाम असतं. बांधणीची तार मात्र फिटरच्या तोंडून मागवली जाते. ‘शेठ, दोन बंडल तार पाठवा’ एवढाच निरोप येतो आणि जवळच्या दुकानातून जी असेल ती तार येते. गेज कुणी विचारत नाही, वजन कुणी करत नाही. सळईच्या खर्चाच्या मानाने तार दीड टक्क्याच्या आसपास पडते, त्यामुळे तिच्याकडे लक्ष जात नाही हे समजण्यासारखं आहे.

पण काँक्रीट पडून घट्ट होईपर्यंत सळई जागेवर ठेवायचं काम ही तारच करते. काँक्रीट कडक झालं की तिचं काम संपलं. पुढे भार घेण्यात तिचा वाटा नाही. अडचण मधल्या काही तासांत होते. माणसं जाळीवरून घमेली घेऊन चालतात, व्हायब्रेटरची सुई सळयांना धक्के देते, पंपाने येणारं काँक्रीट एकाच जागी धबाधब पडतं. तेवढ्या वेळात सळई सरकली तर ती तिथेच कायमची गाडली जाते आणि वरून काहीही दिसत नाही.

क्रशरवरचं सर्वांत नाजूक बांधकाम घ्या, म्हणजे हॉपरकडे जाणाऱ्या रॅम्पची भिंत. डंपर भरून वर चढतो, मागे येतो आणि ओततो. आतला भराव आणि वरचा डंपर मिळून भिंतीला बाहेर ढकलत असतात. म्हणून तिची मुख्य सळई भरावाच्या बाजूला असते. भिंत 300 मिलिमीटर जाडीची असेल आणि ओढ घेणारी सळई दुसऱ्या बाजूच्या पृष्ठभागापासून 250 मिलिमीटरवर हवी असेल, तर ढिल्या बांधणीमुळे ती आत 50 मिलिमीटर सरकली की भिंतीची वाकण्याविरुद्धची ताकद साधारण पाचव्या हिश्शाने गेली. सळई तेवढीच, सिमेंट तेवढंच, पैसे तेवढेच. कमी पडले ते तारेचे दोन वेढे.

ही हयगय होते कशी, तेही पाहा. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत सळईकामाच्या बाबीतच कापणं, वाकवणं आणि तारेने बांधणं धरलेलं असतं. तारेचं वेगळं माप घेतलं जात नाही. खासगी कामातही तीच पद्धत आहे. फिटरची मजुरी टनावर किंवा स्क्वेअर फुटावर ठरते, गाठींवर नाही. म्हणजे तार कमी वापरली तर ठेकेदाराचे पैसे वाचतात, गाठी कमी मारल्या तर फिटरचा वेळ वाचतो, आणि दोघांनाही विचारणारं कुणी नसतं. मालकाने तार स्वतः आणून द्यावी, असं माझं मत यामुळेच आहे. मजुरी ठेकेदाराची, तार मालकाची. फुकटची तार वापरताना कुणी हात आखडत नाही.

आता गेज. दुकानात साधारण तीन गेज मिळतात. 16 गेज म्हणजे 1.6 मिलिमीटर, 18 म्हणजे 1.2 आणि 20 म्हणजे 0.9 मिलिमीटर. आकडा वाढला की तार बारीक होते. नवख्या माणसाची इथे हमखास गल्लत होते. सळईचं वजन काढायला साइटवर जे सूत्र सर्रास वापरतात, व्यासाचा वर्ग भागिले 162, ते तारेलाही चालतं. त्या हिशोबाने एक किलोत 16 गेजची तार सुमारे 61 मीटर, 18 ची 109 मीटर आणि 20 ची 194 मीटर भरते.

कोणत्या सळईला कोणती तार? 8 आणि 10 मिलिमीटरच्या स्लॅबच्या जाळीला 20 गेज पुरते. 12 आणि 16 ला 18 गेज घ्या. 20 मिलिमीटरच्या पुढे, म्हणजे क्रशरच्या जबड्याखालचं फाउंडेशन, रॅम्पच्या भिंतीचा पाया, वजनकाट्याचा खड्डा अशा कामांना, 16 गेज घ्या किंवा 18 गेजचे दोन तुकडे एकत्र वापरा. तुकडा दुहेरी दुमडून, सळयांच्या फुलीवर तिरका घालून, हुकाने पीळ द्यायचा ही आपल्याकडची रीत आहे. त्यासाठी 8 मिलिमीटरला वीतभर म्हणजे 22 सेंटिमीटरचा तुकडा लागतो, 12 ला 30 आणि 20 ला 40 सेंटिमीटरच्या आसपास.

एकदा कागदावर हिशोब करून बघा. सहा इंचांवर दोन्ही दिशांनी जाळी धरली, तर एक टन 8 मिलिमीटर सळईत साधारण 8,400 फुल्या पडतात. प्रत्येक फुली बांधली तर 20 गेजची तार साडेनऊ किलो लागते. 12 मिलिमीटरच्या एका टनात 3,750 फुल्या. 18 गेजने सव्वादहा किलो. 20 मिलिमीटरच्या टनात 1,350 फुल्या. 16 गेजने नऊ किलोला थोडी कमी. जुने मिस्त्री ‘टनाला दहा किलो’ म्हणतात ते असं जुळून येतं. योग्य गेज घेतलं आणि सगळ्या फुल्या बांधल्या, तर सळई कोणतीही असो, आकडा दहाच्या आगेमागेच राहतो. म्हणून हा आकडा तपासणीलाही कामाला येतो. सहा टन लोखंडाच्या पायाला पंचवीस किलोचं एकच बंडल संपलं असेल, तर निम्म्याहून अधिक फुल्या मोकळ्या आहेत असं समजा आणि काँक्रीटची गाडी बोलावण्याआधी वर चढून बघा.

सगळ्या फुल्या बांधायलाच हव्यात असं नाही. स्लॅबच्या मधल्या भागात एकाआड एक बांधली तरी चालतं. कडेच्या दोन ओळी मात्र सोडू नयेत. कॉलममध्ये रिंगेचा प्रत्येक कोपरा उभ्या सळईला बांधलेला हवा, आणि तिथे नुसता तिरका वेढा न देता इंग्रजी आठच्या आकाराचा द्यावा. रिंग मग खाली घसरत नाही. रॅम्पच्या भिंतीत मी एकही फुली सोडू देणार नाही. उभ्या जाळीवर माणसं पाय देऊन चढतात, हे कितीही बजावलं तरी थांबत नाही.

तार मऊ हवी, ही दुसरी गोष्ट. साडेपाच मिलिमीटरचा रॉड थंडाच डायमधून ओढत ओढत बारीक केला की तार कडक होते, चमकते आणि स्प्रिंगसारखी उसळते. ही कडक चमकदार तार खिळे आणि जाळ्या करायला जाते. बांधणीला तीच तार भट्टीत लालसर तापवून सावकाश थंड करावी लागते. तेव्हा ती काळपट आणि लवचीक होते. म्हणून साइटवर तिला काळी तार म्हणतात. भट्टी नीट लागली नाही तर बंडलचा बाहेरचा भाग मऊ आणि आतला कडक निघतो. घेताना बाहेरचं टोक ओढून पाहू नका, आतलं बघा. बिलावर किंवा ऑर्डरमध्ये ‘आयएस 280 प्रमाणे ॲनील्ड’ असं लिहून मागा. छोटा दुकानदार हसेल, हसू द्या. पण पुरवठादाराला चार-सहा बंडलांची ऑर्डर देत असाल तर तो लिहून देतो, आणि पुढे माल परत करताना ती ओळ उपयोगी पडते.

हाताने करायच्या तपासण्या अशा. तारेचा तुकडा त्याच तारेच्या सरळ टोकाभोवती आठ वेढे घट्ट गुंडाळा आणि परत उलगडा. चांगली तार तुटत नाही, तिला चीरही जात नाही. मग दोन सळयांवर प्रत्यक्ष गाठ मारून बघा. हुक फिरवताना पीळ बसत जातो, गाठ सळईला चिकटते आणि हुक काढल्यावर ती सैल पडत नाही. दुसऱ्याच फेऱ्याला तुटली तर तार ठिसूळ. हुक काढताच उसळली तर कडक. जाडी मोजायला मायक्रोमीटर नसला तरी पेन्सिल आहे. पेन्सिलीवर वीस वेढे एकमेकांना चिकटून घाला आणि शाळेच्या पट्टीने त्या वेढ्यांची रुंदी मोजा. 16 गेज असेल तर साडेबत्तीस मिलिमीटर भरायला हवी, 18 ला साधारण चोवीस, 20 ला अठरा. 18 सांगून 20 गळ्यात मारली असेल तर सहा मिलिमीटरचा फरक डोळ्यांना लगेच दिसतो.

वजनात फसगत सोपी आहे. बंडल पंचवीस किलोचं म्हणतात. त्यात गोणपाट, प्लॅस्टिक आणि कधी कधी ओलही असते. एक किलो कमी भरलं तरी चार टक्के गेले. क्रशरवाल्यांकडे स्वतःचा वजनकाटा असतो आणि तार त्याच्यावरच तोलायचा मोह होतो. तो काटा ट्रकसाठी आहे. दहा-वीस किलोंच्या टप्प्याने आकडा दाखवतो. तारेला गावातल्या किराणा किंवा धान्याच्या दुकानातला प्लॅटफॉर्म काटा बरा.

माल आणायचा कुठून? फुटकळ कामाला मुरबाड, सरळगाव, शहापूर, वासिंद इथल्या हार्डवेअरच्या दुकानांत तार मिळते. दोन-तीन टनांहून जास्त लोखंड घेणार असाल तर सळई आणि तार एकाच गाडीत घ्या. लोखंडाचा व्यापारी सळईच्या ऑर्डरसोबत तारेच्या भावात थोडं खाली येतो आणि भाडं वेगळं पडत नाही. मोठा बाजार कळंबोलीचा. तिथून पनवेल-कर्जतमार्गे म्हसा-मुरबाडला गाडी येते. शहापूर, आसनगाव, खर्डीच्या बाजूला आग्रा महामार्गाने आणणं सोयीचं. जालन्याच्या रोलिंग मिलची सळई घेणारे बरेच आहेत. ती माळशेज घाटाने किंवा आता समृद्धी महामार्गाने येते. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 ला खुला झाल्यापासून शहापूरकरांना तो पर्याय मिळाला आहे. पण नुसत्या तारेसाठी जालन्यापर्यंत जाण्यात अर्थ नाही.

बिल पक्कं घ्या. लोखंडी तारेचा एचएसएन क्रमांक 7217, जीएसटी 18 टक्के. राज्यातल्या राज्यात एक लाखावरच्या मालाला ई-वे बिल लागतं, आणि सळईसोबत तार आली की ही मर्यादा सहज ओलांडते. क्रशरमालकांसाठी आणखी एक गोष्ट. इमारतीच्या किंवा इतर स्थापत्य बांधकामाच्या मालावरचा कर वजा मिळत नाही, पण यंत्राचा पाया आणि यंत्राला आधार देणारा सांगाडा कायद्याने यंत्रसामग्रीतच धरला आहे. जबड्याखालच्या पायाचं लोखंड आणि तार, आणि ऑफिसच्या खोलीचं लोखंड, यांची बिलं वेगवेगळी करून घ्या आणि सीएला दाखवा. एकाच बिलात सगळं कोंबलं की नंतर वेगळं काढता येत नाही.

जानेवारीत माल मागवताना पंचांग उघडून बघा, हे थट्टेने म्हणत नाही. काँक्रीटचा खरा हंगाम दिवाळीपासून मेपर्यंतचा, आणि त्याच्या ऐन मध्यावर दोन तारखा येतात. 2 जानेवारी 1943 ला स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील सिद्धगडाच्या रानात धारातीर्थी पडले. दर वर्षी त्या दिवशी हुतात्म्यांना मानवंदना द्यायला तिथे लोक जमतात. त्या दिवशी त्या रस्त्याला लोखंडाची गाडी घालू नये. आणि पौष पौर्णिमेपासून म्हशाची यात्रा. मुरबाड-कर्जत रस्त्यावर बैलबाजार, घोंगड्या, पाळणे आणि माणसांचा पूर लोटला की कळंबोलीची गाडी तिथे अडकलीच म्हणून समजा.

सिद्धगडाचा डोंगर भीमाशंकर अभयारण्यात येतो. तिथे खाणकामाला परवानगी नाही आणि नसावीच. खाली, अभयारण्याच्या बाहेर जिथे गौण खनिजाचा परवाना आहे तिथलीच गोष्ट आपण करतो आहोत. पण सह्याद्रीच्या या भिंतीला अडून पडणारा पाऊस खालीही तेवढाच कोसळतो, आणि त्याचा तारेशी थेट संबंध आहे. तार बारीक असल्यामुळे वजनाच्या मानाने तिचा उघडा पृष्ठभाग सळईच्या कितीतरी पट असतो. सळईवर जो गंज वरवरचा, तोच तारेला खाऊन टाकतो. मे महिन्यात उरलेलं बंडल शेडच्या कोपऱ्यात ठेवलं आणि दिवाळीनंतर उघडलं, तर आतल्या वेढ्यांपर्यंत खपल्या सुटलेल्या सापडतात. अशी तार गाठ मारताना तुटते. म्हणून भाव पडला म्हणून वर्षाची तार भरून ठेवायचा विचार या भागात करू नका. कामाला लागेल तेवढीच आणा. उरलीच तर गोणपाट काढून टाका, कारण ते ओल धरतं. कोरड्या पत्र्याच्या पिंपात घाला, झाकण लावा, पिंप जमिनीपासून वर फळीवर ठेवा. तारेवर तांबूस छटा आली असेल तर चिंता नको. बोटाने चोळल्यावर पापुद्रे निघाले तर ती कुंपणाच्या काट्या बांधायला वापरा.

जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली तार, घ्यावी का असं बरेच जण विचारतात. पाण्याची टाकी, धुळीवर पाणी मारायच्या जागा, बाहेर उघडं राहणारं प्लास्टर नसलेलं काँक्रीट, इथे तिचा उपयोग आहे. टोकं गंजून भिंतीवर तांबडे ओघळ येत नाहीत. बाकी पायात तिच्यावर पैसे घालणं मला पटत नाही. चंद्रपूरकडच्या कोळसा खाणींत पाणी आम्लयुक्त होऊ शकतं. जस्त आम्लात टिकत नाही, त्यामुळे तिथेही भरवसा ठेवायचा तो घट्ट काँक्रीटवर आणि पुरेशा कव्हरवर. आणि दगडाच्या गॅबियन जाळीला काळी तार कधीच वापरू नका. ती उघड्यावर कायम भार घेते. तिला जाड जस्ती तारच हवी.

खाणीवर कव्हर ब्लॉकचा विषय काढला की मुकादम पायाजवळची खडी उचलून दाखवतो. दगडाच्या राशीत उभं राहून सिमेंटचे ठोकळे विकत कशाला आणायचे! पण खडीचा तुकडा व्हायब्रेटर लागला की निसटतो. ठोकळा ओला असतानाच त्यात तारेचे दोन पाय रोवले आणि त्यांनी तो सळईला बांधला, तर तो हलत नाही. फुटिंगला 50, कॉलमला 40, स्लॅबला 20 मिलिमीटर कव्हर ठेवतात. गाठीची टोकं मात्र नेहमी आत वळवायची. बाहेर डोकावणारं टोक कव्हर खातं आणि गंज तिथूनच आत शिरतो.

फाउंडेशन बोल्ट तारेने बांधून उभे करणारे फिटर मी पाहिले आहेत. व्हायब्रेटर सुरू झाला की बोल्ट तिरके होतात आणि क्रशरचा तळ बसवताना छिद्रं जुळत नाहीत. बोल्टला पत्र्याची किंवा अँगलची टेम्प्लेट करा. तारेने करायचं ते काम नव्हे. तसंच तार वाचवायला फुल्यांवर वेल्डिंगचे टाके मारू नका. आयएस 456 मध्ये इंजिनिअरच्या परवानगीशिवाय ते चालत नाही, कारण टाक्याच्या जागी सळई कमजोर होऊ शकते.

एक गोष्ट खाणीपुरतीच, पण जिवाची. सुरुंगानंतर खाणीत रंगीत तारांचे तुकडे पडलेले असतात. मजूर, विशेषतः नवे, ते बांधणीला म्हणून गोळा करतात. त्या तारेच्या टोकाला न उडालेला डेटोनेटर असू शकतो. तिला हात लावायचा नाही, ओढायची नाही, ब्लास्टरला बोलवायचं. बांधणीची तार मालकाने पुरेशी आणून दिली तर ती वेळच येत नाही.

काँक्रीट ओतण्याआधी शटरिंगमध्ये पडलेले तुकडे काढून घ्या. दोरीला बांधलेलं मोठं चुंबक फिरवलं की दहा मिनिटांत काम होतं. राहिले तर स्लॅबच्या खालच्या अंगाला गंजाचे ठिपके उठतात. पण तुकडे वेचायचं खरं कारण कुंपणाबाहेर चरत असतं. गाय-म्हैस चारा जिभेने ओढून न चावताच गिळते; तार त्यात गेली की जाळीपोटात अडकते आणि तिथून पुढे काळजापर्यंत टोचत जाते. जनावर खाणं सोडतं, पाठीला पोक काढून उभं राहतं, आणि कारण कळेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. मुरबाड-शहापुरात बांधकामाच्या शेजारीच पेंढ्याची उडवी असते. फिटरच्या शेजारी एक रिकामा डबा ठेवा, तोडलेली टोकं त्यातच पडायला हवीत, आणि संध्याकाळी तो डबा मोजून घेतल्याशिवाय मजुरी चुकती करू नका.